फलाटावरचा खांब

"हिचे हात चुकले, बाई."

भंगाळे नानांनी काड्यापेटी माझ्यासमोर सरकवली. आत कापसावर मी केलेली बाई आडवी पडली होती. करंगळीच्या पेराएवढी, तांब्याच्या तारेवर एम-सील चढवून केलेली, वरून रंगवलेली. ही तिसऱ्यांदा परत आली होती. आधी पातळाचा रंग चुकला म्हणून. नानांना मेंदीचा हिरवा हवा होता आणि मी पोपटी दिला होता. मग ती गाडीकडे बघतेय म्हणून. आता हात.

"हातांना काय झालं?" मी तडकूनच विचारलं. उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवली. माझ्या कामात कुणी खोट काढली की माझं डोकं फिरतं, हे नानांनाही ठाऊक होतं. "एका हातात ट्रंक, दुसरा पदराला. गाडीला निघालेली बाई आणखी काय करते?"

"ट्रंक खाली ठेवा. दोन्ही हात खांबाला पाहिजेत."

"कुठल्या खांबाला?"

"फलाटावरच्या शेडचा. शेवटचा खांब. असे." नानांनी हवेतच कशाला तरी मिठी मारावी तसे हात वेढले, बोटांत बोटं अडकवली आणि तसेच धरून ठेवले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण बोटं अशी आवळली की पेरं पांढरी पडली. "असे. आणि चिकटवाल तर असं चिकटवा, की पुन्हा सुटायला नको."

"पण आहे कोण ही?"

"आहे एक पॅसेंजर," म्हणाले आणि काड्यापेटी बंद केली.

डॉक्टर फिरके मागे मांडणीतल्या डोंगराला प्लास्टर थापत होते. ते हसले. "अहो नाना, तिला गाडी पकडायचीय ना? मग खांब काय पकडून बसलीय?"

नाना हसले नाहीत. मी मनात म्हटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय, करून टाकावं एकदाचं. त्या संध्याकाळी मी ट्रंक खाली ठेवली आणि तिचे दोन्ही हात खांबाला वेढून पक्के चिकटवले. हाडाची मास्तरीण मी, सांगितलं ते काम चोख.

हे सगळं चालायचं भुसावळला, डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये. डॉक्टर दातांचे, पण जीव सगळा आगगाडीत. भला मोठा प्लायवूडचा चौथरा करून त्यावर त्यांनी छोटे रूळ टाकले होते आणि त्यावर विजेवर पळणाऱ्या गाड्या. नाना निवृत्त गार्ड, त्यांना डॉक्टरांनी माहितीसाठी धरून आणलेलं. आणि मला झाडांसाठी. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची झाडं, सॅटीनच्या रिबिनीच्या केळी, चाळलेल्या वाळूची खडी. डोंगर डॉक्टर करायचे, दातांचं माप घेतात त्या प्लास्टरचे. रंग देईपर्यंत ते डोंगर हिरड्यांसारखे गुलाबी दिसायचे आणि मी म्हणायची, "डॉक्टर, या डोंगराची अक्कलदाढ काढा आधी." गावात लोक हसायचे. म्हातारपणी भातुकली खेळतात म्हणायचे. हसेनात का! मला विधवेला संध्याकाळ घालवायला तेवढीच जागा होती, आणि तिथे मी खुशीत असायची.

या नादात एक रीत असते. आपल्याला हवं ते स्टेशन, हवी ती गाडी असं कडबोळं करायचं नाही. एक जागा धरायची, एक दिवस धरायचा, आणि त्या दिवशी तिथे जे होतं तेच मांडायचं. त्या दिवशी पाण्याची टाकी गळत असेल तर आपलीही गळकीच. जागा डॉक्टरांनी ठरवली होती: आसनवेल. आमच्याकडच्या फाट्यावरचं छोटं स्टेशन, कधीच बंद पडलेलं. दिवस नानांनी सांगितला. पंचवीसेक वर्षांपूर्वीचा, आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेनंतरचा, तिसरा दिवस. दुपार. वाफेच्या इंजिनाची पॅसेंजर फलाट एकला उभी, आणि दोन नंबरवर मालगाडी.

"हाच दिवस का?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"मला तोच लख्ख आठवतो," नाना म्हणाले. डॉक्टरांना तेवढं पुरलं. त्यांना नेमकेपणा हवा होता, आणि नाना तर कडुनिंबाची सावली कुठवर पडली होती तेही सांगायचे.

फक्त दोन बाबतींत नाना आडमुठेपणा करायचे. एक, गार्डाचा पुतळा करायचा नाही. शेवटचा गार्डाचा डबा, ब्रेकव्हॅन, रिकामा. दुसरी गोष्ट फार मोठी. त्यांनी डॉक्टरांना एक नंबरच्या रुळाला चीर पाडायला लावली होती, म्हणजे त्या तुकड्यात वीज जाणार नाही.

"अहो, मग पॅसेंजर सुटणार कशी?" डॉक्टर रडकुंडीला यायचे.

"नाही सुटणार."

"एवढी देखणी गाडी केली, खिडक्यांत दिवे बसवले, आणि ती जन्मभर फलाटाला उभी?"

"उभी राहू द्या. मालगाडी फिरवा हवी तेवढी. तिला माझी ना नाही. ही गाडी आसनवेलहून सुटली नाही पाहिजे, डॉक्टर. नाहीतर मी उद्यापासून येत नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. ज्याचं त्याचं एकेक खूळ असतं. माझे आजोबा देवळात घंटा वाजवू द्यायचे नाहीत कुणाला, देवाची झोप मोडते म्हणून. डॉक्टरांनी हात टेकले. पण पोराच्या हातून पतंग काढून घ्यावा तसं त्यांचं तोंड झालं होतं, ते मला दिसत होतं.

होता होता मांडणी पुरी झाली. डॉक्टरांनी ठरवलं, आखाजीनंतरच्या तिसऱ्याच दिवशी लोकांना बोलवायचं. आपल्या आसनवेलचा दिवस तोच, मुहूर्तही तोच. मग खाली जाताना नाना जिन्यात मला थांबवून म्हणाले, "बाई, एक काम कराल? त्या दिवशी आमच्या घरी जाऊन यमुनाला घेऊन याल? माझं ती ऐकत नाही."

"चला म्हणते. पण ऐकत नाहीत म्हणजे काय? भांडण आहे का?"

"भांडण नाही. बोलणंच नाही." नाना कठड्यावरून हात फिरवत राहिले. "तिला एवढंच सांगा, पोरीला ठेवून घेतलंय. येऊन बघ म्हणावं."

कुठली पोर ते मी विचारायच्या आत ते जिना उतरून गेलेही.

मुहूर्ताच्या दिवशी दुपारी मी नानांच्या घरी गेले. नानांच्या पत्नी यमुनाकाकू ओट्याशी काहीतरी निवडत होत्या. ठेंगणी, कोरडी बाई, गळ्यात साधी पोत. कोपऱ्यात आखाजीच्या घागरी अजून तशाच मांडलेल्या, वर खरबूज ठेवलेलं. पितरांसाठी भरतात तशा. त्यांत एक घागर बाकीच्यांपेक्षा लहान होती.

"काकू, नानांनी निरोप दिलाय. पोरीला ठेवून घेतलंय म्हणाले. येऊन बघा म्हणाले."

काकूंचे हात थांबले.

"ठेवून घेतलं म्हने?" त्या म्हणाल्या. "आता?"

"तुमची मुलगी का ती? हिरव्या पातळातली?"

"पमी. येकच लेक आमची." लहान घागरीकडे बघत त्या बोलत होत्या. "लेकीची घागर माहेरी भरत नहीत, मी भरते. कोन काय बोलंल ते बोलो. लग्नानंतरची पयलीच आखाजी व्हती तिची. झोका खेळायले आली अन् पाठीवर वळ घेऊन आली. मी तिले न्हाऊ घालता पाह्यलं. आई, मी जात नही म्हनली. हे म्हनले, लेक परक्याचं धन, दिल्या घरी दम धराव, सासू आज ना उद्या मऊ व्हईल. तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं लावून देली. आसनवेलहून."

"मग?"

"मग काय व माय. पुढच्या अवसेच्या आत निरोप आला. हिरीवर पाय घसरला म्हने."

मी खाली बसले. माझ्याच बोटांनी मी त्या पोरीचे हात खांबाला चिकटवले होते, आणि मला वाटत होतं म्हाताऱ्याला खूळ लागलंय.

"त्या दिसापासून ह्या मानसाच्या हातचं पानी मी प्याली नही," काकू म्हणाल्या. "सैपाक करते, ताट वाढते. पन त्याहीनं भरलेला पेला तोंडाले लावत नही. लय बारी पुढं करून पाह्यला त्याहीनं. मी उपडा करते."

मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. ती फलाटावर उभी आहे, गाडीकडे पाठ करून. खांबाला दोन्ही हातांनी धरून. गाडी सुटूच नये म्हणून नानांनी रूळ तोडून घेतलाय. खोटं आहे, काकू, खेळण्यातलं आहे, पण ती जात नाही तिथून.

"खांबाले धरून?" काकूंनी विचारलं.

"दोन्ही हातांनी."

काकू उठल्या. आत जाऊन धुतलेलं पातळ नेसून आल्या, केसांवर पाण्याचा हात फिरवला. दाराशी येऊन म्हणाल्या, "चला, बाई. पाहून तं घिऊ."

रस्त्याने त्या माझ्यापुढे चालत होत्या. मला धाप लागली, पण मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू? वाटलं, आज नाना पाणी देतील आणि ही बाई पिईल.

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. डॉक्टरांचे पेशंट, नानांच्या वेळचे रेल्वेतले लोक, त्यांची नातवंडं. पलीकडच्या टोकाला नाना उभे होते, आणि अंगावर पांढरा गणवेश! डॉक्टरांनीच आग्रहाने घालायला लावला असणार. नानांनी काकूंना पाहिलं. त्यांनी हळूच फलाटाकडे बोट केलं, बघ, म्हणून.

"नमस्कार मंडळी!" डॉक्टरांनी सुरुवात केली. "आपले भंगाळे नाना म्हणजे गार्डांतले गार्ड! उभ्या नोकरीत त्यांच्यापायी गाडी एक मिनिट लेट झाली नाही! म्हणून आज पहिल्या गाडीला झेंडाही तेच दाखवणार!"

टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी नानांच्या हातात शिट्टी आणि हिरवा झेंडा दिला. नानांनी दोन नंबरवरच्या मालगाडीकडे एक नजर टाकली आणि मान डोलावली. आधीपासून ठरलंच होतं तसं. मालगाडी फिरणार होती.

मी काकूंना वाट काढत फलाटाशी आणलं. "तो बघा, शेवटचा खांब," म्हणत मी वाकले.

खांबाशी कुणी नव्हतं. ट्रंक होती, खाली, मी ठेवली तिथेच. आणि खांबाला दोन हात होते. मनगटापासून कापलेले, तांदळाच्या कणीएवढे, बोटांत बोटं अडकवलेले. नुसते हात.

मी वर बघितलं तर डॉक्टर माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काल दुपारी बसलो आणि चीर सांधून टाकली रुळाची. नानांना सरप्राइज! आणि ती तुमची पॅसेंजर, गाडी सुटते आणि ही फलाटावरच, हे काही बरं दिसेना. काय पक्कं चिकटवलंत हो! हात राहिलेच खांबाला. पण खिडकीतून कुठे दिसताहेत? लेडीज डब्यात बसवलीय, गार्डाच्या डब्याशेजारी. एकदम करेक्ट!"

"डॉक्टर, थांबा—"

पण ते बटणाशी पोचलेही. शिट्टी वाजली. नाना काकूंकडेच बघत होते. त्यांनी हिरवा झेंडा वर केला.

आणि पॅसेंजर हलली.

डॉक्टरांनी मोठ्या मेहनतीने केलेली ती गाडी, खिडक्यांत पिवळे दिवे, अगदी अलगद फलाट सोडून निघाली. शेवटून दुसऱ्या डब्यात, खिडकीशी, मेंदीच्या रंगाचं पातळ. सगळे वाहवा करत होते. नानांचा झेंडा वरच राहिला. गाडी केळीच्या बागांमधून गेली आणि डॉक्टरांच्या डोंगरातल्या बोगद्यात शिरली.

माझ्या दंडात काकूंची बोटं रुतली.

"तवाबी झेंडा ह्याहीनंच दाखवला व्हता, बाई," त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू, जसं काही बाजारातलं सांगताहेत. "त्या गाडीवर हेच गार्ड व्हते. पोरगी खांब सोडेना. लोकं पाहात व्हते. ह्याहीनं येक येक बोट सोडवलं तिचं. गाडी लेट व्हते, म्हने."

तोवर गाडी बोगद्याच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर आली, गोल फिरून फलाटाशी आली आणि न थांबता पुढे गेली. पोरांनी टाळ्या पिटल्या. पुन्हा बाग, पुन्हा बोगदा. पुन्हा खिडकीत ते हिरवं पातळ. मी गर्दीतून वाट काढली, म्हणजे शाळेत काढायची तशी, कोपरांनी, आणि भिंतीतला प्लग उपटला. गाडी मध्येच थांबली, माळावर, जिथे स्टेशन नाही, काही नाही. खिडक्यांतले दिवे गेले.

"बाई, काय करताय?" म्हणत डॉक्टर माझ्याकडे आले आणि माझं तोंड बघून जागीच थबकले.

काकू चौथऱ्याला वळसा घालून नानांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्या नवऱ्याशी बोलणार होत्या.

"खोटं खोटंबी नही ठेवता आलं तुम्हाले तिले," त्या म्हणाल्या.

एवढंच बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग पदर सारखा केला आणि जिना उतरून गेल्या. कुणी त्यांना अडवलं नाही, आणि नाना तर हललेच नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी झेंडा खाली घेतला, काठीला नीट गुंडाळला, आणि टेबलावर ठेवला.

डॉक्टरांना मी सगळं त्याच संध्याकाळी सांगितलं. ते लहान मुलासारखे रडले. त्यांचं तरी काय चुकलं? बोललेच नाहीत नाना, आणि या माणसाला गाडी उभी दिसली की चालवावीशी वाटायची. दुसऱ्या दिवशी ते नानांच्या दारात जाऊन उभे राहिले, तिच्या हातांना जोड देतो म्हणून. नानांनी दार उघडलं नाही. त्यानंतर नाना दवाखान्याचा जिना कधी चढले नाहीत. पावसाळा संपायच्या आत डॉक्टरांनी चौथरा मोडला. रूळ कुणाला दिले, डोंगर फोडून टाकले. मी तो खांब तेवढा मागून घेतला. माझ्या रंगांच्या डब्यात तो अजून आहे, हातांसकट.

यमुनाकाकू त्यानंतर तीनचार वर्षांनी गेल्या. शेवटच्या दिवसांत मी जाऊन बसायची. अखेरच्या दुपारी त्यांच्या घशाला कोरड पडली, त्या ओठ हलवायला लागल्या. नानांनी पेला भरला. चमच्याने पाणी त्यांच्या ओठांना लावलं. काकूंनी डोळे उघडले, कोण आहे ते पाहिलं, आणि ओठ मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून उशीवर गेलं.

"नाना, तो पेला ठेवा. मी देते," मी म्हटलं.

मी दुसरा पेला घेतला, माठातलं पाणी माझ्या हाताने भरलं आणि त्यांना पाजलं. तीन चमचे प्याल्या त्या. मी मागे वळून बघितलं. नाना दारात उभे होते, चौकटीला दोन्ही हातांनी घट्ट धरून. काकूंना उचलून न्यायला लोक आले तेव्हा वाट द्यायला म्हणून मलाच त्यांची बोटं सोडवावी लागली.